प्रश्न तुमचे : लोफोटेनला, आठ जणांबरोबर

प्रश्न : मी कोथरूडला राहते. वय ५९. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. गेली बारा वर्षे सह्याद्रीत, बहुतेक वेळा पावसाळ्यात, निसर्गदृश्यांचे छायाचित्रण करते आहे. येत्या फेब्रुवारीअखेरीस नॉर्वेतील लोफोटेन बेटांवर जाणाऱ्या आठ जणांच्या छायाचित्रण सहलीत एक जागा शिल्लक आहे. सात रात्रींचे साडेचार लाख रुपये, विमानभाडे वेगळे. एवढ्या पैशांत अर्धा युरोप पाहून होईल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. माझा गुडघा थोडा कुरकुरतो, मी शाकाहारी आहे आणि गटातील कोणालाही ओळखत नाही. जावे का? आणि होकार देण्यापूर्वी आयोजकाला काय विचारावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या घरच्यांचा हिशेब चुकलेला नाही, मात्र तो ठिकाणांचा हिशेब आहे. नेहमीच्या सहलीत आपण ठिकाणे विकत घेतो, त्यामुळे दिवसाला जितकी ठिकाणे अधिक तितकी सहल स्वस्त पडली असे वाटते. छायाचित्रणाच्या छोट्या सहलीत पैसे मोजायचे ते वेळेसाठी. एकाच किनाऱ्यावर तीन तास उभे राहता यावे, ढग हटले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाता यावे आणि रात्री अकरा वाजता आकाश उघडले तर गाडी काढायला माणूस तयार असावा, यासाठी ही रक्कम असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे ढगांवर उमटणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, दिसेल या आशेने आपण कधी दोन दिवस धुक्यात काढले असतील, तर हा व्यवहार आपल्याला निराळा समजावून सांगायला नको. घरच्यांना मात्र तो सांगावा लागेल, कारण परत आल्यावर ‘काय काय पाहिलेत?’ या प्रश्नाचे आपले उत्तर फारच तोकडे असणार आहे.

फेब्रुवारीअखेर हा काळ चांगला निवडला आहे. त्याचे कारण प्रकाशाच्या भूमितीत आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वर्षातील सर्वांत लहान दिवशीही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. तो जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि आपण ट्रायपॉड उघडेपर्यंत सांजेचा रंग संपलेला असतो. लोफोटेन ६८ अंशांवर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. तेथे फेब्रुवारीच्या आरंभी दुपारचा सूर्य जेमतेम पाच-सहा अंश वर येतो आणि महिनाअखेरीस चौदा अंशांच्या आसपास. तो क्षितिजाला घासत तिरका सरकत असल्यामुळे सकाळचा तांबूस प्रकाश लांबत राहतो, दुपार फारशी होतच नाही आणि सूर्यास्तानंतरचा निळा प्रहर तासाभराहून अधिक टिकतो. आरंभी पावणेसहा तासांच्या आसपास असलेला दिवस महिनाअखेरीस साडेनऊ तासांपर्यंत पोचतो, म्हणजे रोज आठ-एक मिनिटांची भर पडते. त्यापूर्वी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य वर येतच नाही; उलट मार्च संपत आला की रात्री आखूड होऊ लागतात. दिवसाचा तिरपा प्रकाश आणि ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसण्यापुरती काळोखी रात्र ही दोन्ही एकत्र मिळण्याचा काळ मोजकाच असतो आणि आपली सहल त्यात बसते.

आता आयोजकाला विचारायचे प्रश्न. पहिला, आणि माझ्या मते निम्मा निर्णय ज्यावर अवलंबून आहे असा प्रश्न म्हणजे, सात रात्रींत मुक्कामाच्या जागा किती? दोन असतील तर उत्तम, तीन चालतील. चार किंवा अधिक असतील तर ती बसमधून काढायच्या छायाचित्रांची सहल आहे. हे मी अनुभवाने लिहितो. माझ्या पहिल्या उत्तरेच्या सहलीत आयोजकाने सात रात्रींत पाच हॉटेले ठेवली होती. आठवड्यातील सर्वांत सुंदर सकाळ उजाडली तेव्हा आम्ही चौदा जण सामान बांधून पुढच्या हॉटेलच्या वाटेवर होतो, आणि डोंगरांवर पसरलेली ती गुलाबी आभा मी खिडकीच्या काचेतून, त्या काचेवरील वाळलेल्या मिठाच्या डागांसकट टिपली. चूक माझीही होती. मी माहितीपत्रकातील ठिकाणांची यादी मोजली होती, रात्री मोजल्या नव्हत्या.

लोफोटेनमध्ये हे टाळणे अवघड नाही, कारण बेटे पुलांनी आणि बोगद्यांनी जोडलेली आहेत आणि ई-१० हा एकच मुख्य रस्ता त्यांतून जातो. पश्चिमेकडे रेइने किंवा हॅम्नॉय येथे तीन-चार रात्री आणि मध्यभागी लेक्नेसच्या परिसरात तीन रात्री एवढ्यात हॉकलंड, उत्ताक्लाइव्ह आणि स्काग्सान्देनचे किनारे, हॅम्नॉयची लाल घरे आणि बंदरे हे सारे तासाभराच्या टप्प्यात येते. मुक्काम बहुधा ‘रोर्बू’मध्ये असेल. पूर्वी हंगामापुरते येणाऱ्या कोळ्यांसाठी पाण्यालगत, खांबांवर बांधलेल्या या लाकडी झोपड्या आज सुखसोयींसह भाड्याने दिल्या जातात. अनेकदा दारातूनच छायाचित्र मिळते, आणि गुडघ्याची तक्रार असणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लहान नाही.

दुसरा प्रश्न मार्गदर्शकाविषयी. तो स्वतः उत्तम छायाचित्रकार असेलच, त्याचे काम समाजमाध्यमांवर दिसतेही. परंतु सहलीत तो शिकवणार आहे की स्वतःची छायाचित्रे काढणार आहे, हे स्पष्ट विचारावे. ऐन प्रकाशात स्वतःच्या कॅमेऱ्यामागे अदृश्य होणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. काळोखात एखाद्या नवख्याचा फोकस अडला की त्याच्याजवळ जाऊन बसणारेही पाहिले आहेत. पूर्वी त्याच्याबरोबर गेलेल्या दोन जणांशी बोलण्याची इच्छा व्यक्त करावी, आणि त्यांना सहल कशी झाली असे न विचारता, पाऊस लागला त्या दिवशी काय केले असे विचारावे. लोफोटेनमध्ये असा एक तरी दिवस येतोच. चांगला मार्गदर्शक त्या दिवशी चित्रांचे संपादन करायला बसवतो, बंदरात नेतो किंवा वादळी समुद्र सुरक्षित अंतरावरून दाखवतो. वाईट मार्गदर्शक ठरलेल्या ठिकाणी नेऊन धुके दाखवतो आणि यादीवर खूण करतो.

आठ ही संख्या योग्य आहे, मात्र आठ जण एकाच नऊ आसनी गाडीत कोंबले जाणार असतील तर हिवाळी कपडे, ट्रायपॉड आणि पाठपिशव्या यांसह तो प्रवास कष्टाचा होतो, तेव्हा गाड्या दोन आहेत का हे पाहावे. अनोळखी मंडळींची चिंता करू नये. भिगवणच्या होडीत रोहित पक्ष्यांसाठी सहा जणांच्या लेन्स एकाच बाजूला वळतात आणि होडी कलते, तसा प्रसंग इथेही हॅम्नॉयच्या पुलावर येतो, कारण लाल घरे आणि मागचा सुळका हे सर्वपरिचित चित्र त्याच पुलावरून दिसते आणि कठड्याशी जागा थोडी असते. शिष्टाचार साधे आहेत : समोरच्या कोऱ्या बर्फावर पाय उमटवू नयेत, दुसऱ्याच्या चौकटीत शिरू नये, डोक्यावरचा दिवा लाल ठेवावा आणि तोही खाली. ते चित्र एकदा काढून घ्यावे आणि मग पुलाकडे पाठ करून उभे राहावे. मला तिथले आवडते चित्र पाठीमागच्या बाजूला मिळाले.

गुडघ्याविषयी मात्र मी सावध करीन, आणि ते थंडीमुळे नव्हे. उत्तर अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहामुळे लोफोटेनचा हिवाळा त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो. तापमान बहुधा शून्याच्या आगेमागे राहते आणि बंदरे गोठत नाहीत. पण यातूनच खरा धोका निर्माण होतो. दुपारी बर्फ वितळते किंवा त्यावर पाऊस पडतो, रात्री ते पाणी पुन्हा गोठते, आणि सकाळी रस्ते, पायऱ्या, वाहनतळ यांवर काचेसारखा पारदर्शक थर असतो, जो दिसतही नाही. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे पोलादी काटे पहिल्या दिवसापासून घालावेत, घसरल्यानंतर नव्हे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे मनगट समुद्रकिनारी नाही, हॉटेलच्या दारात मोडले. रेइनेब्रिंगेन या सुमारे ४५० मीटर उंच डोंगरावर नेपाळमधील शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्या आहेत. चढ सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा कमी असला, तरी हिवाळ्यात हिमस्खलनाच्या भीतीमुळे ती वाट आपल्यासाठी नाही; आयोजकाच्या कार्यक्रमात फेब्रुवारीत तिचे नाव असेल तर आयोजकाविषयीच शंका घ्यावी. आतापासून रोज वेताळ टेकडी चढावी आणि उतरताना मुद्दाम सावकाश उतरावे, कारण गुडघा उतारावर बोलतो.

खाण्याचे फार मनावर घेऊ नये. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालण्यासाठी येणारा कॉड हाच या बेटांचा हजार वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे लाकडी मांडवांवर वाळत घातलेले मासे सर्वत्र दिसतील, आणि वासही येईल. छायाचित्रासाठी ते मांडव अप्रतिम विषय आहेत. रोर्बूमध्ये स्वयंपाकघर असते आणि लेक्नेस, स्वॉल्व्हॅर येथील मोठ्या दुकानांत भाज्या, कडधान्ये, ब्रेड मिळतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, हे लक्षात ठेवून शनिवारीच खरेदी करावी. येथून मेतकूट, भाजणी, पोहे न्यावेत. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस व दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, त्यामुळे बाकरवडी चालेल, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे.

प्रवासात एक दिवस मोकळा ठेवणे मी आवश्यक मानतो. मुंबईहून एखाद्या आखाती किंवा युरोपीय शहरामार्गे ओस्लो, तेथून बूडो आणि मग लहान विमानाने लेक्नेस किंवा स्वॉल्व्हॅर असा मार्ग असतो. वाऱ्यामुळे ही शेवटची विमाने रद्द होतात. बूडोहून मोस्केनेसला जाणारी बोट हा पर्याय आहे, पण वादळात तीही थांबते. ओस्लोहून एव्हेनेसच्या मोठ्या विमानतळावर उतरून मोटारीने जाणे अधिक भरवशाचे आहे. २००७ साली मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता पूर्ण झाल्यापासून वाटेत बोट लागत नाही. सर्व टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे एक विमान चुकल्यास पुढची व्यवस्था विमान कंपनीला करावी लागते.

कागदपत्रांत फारसे गूढ नाही. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण समाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात आहे. मुख्य मुक्काम नॉर्वेत असल्यामुळे विमान कोठेही बदलले तरी अर्ज नॉर्वेच्याच व्हिसासाठी करायचा. तो प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. आपण नोव्हेंबरपर्यंत करून मोकळे व्हावे. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. हा विमा कॅमेऱ्याचा नसतो आणि सहल रद्द झाल्यास पैसेही देतोच असे नाही. त्यासाठी वेगळे कलम पाहावे. आयोजक भारतीय असेल तर परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा कर, कापला जाईल, जो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. आयोजक युरोपीय असेल तर दिवाळखोरीच्या प्रसंगी ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहतील अशी हमी पॅकेज विक्रेत्याला कायद्याने ठेवावी लागते. तिचा पुरावा लेखी मागावा, संकोच करू नये. मुंबई विमानतळावर निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून कॅमेरा व लेन्स यांच्या क्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ही खरेदी परदेशातली नाही हे सिद्ध करत बसावे लागत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, ट्रायपॉड मोठ्या बॅगेत.

मुक्काम तीनपेक्षा अधिक नसतील आणि पावसाच्या दिवसाविषयीचे उत्तर समाधानकारक मिळाले, तर आपण जावे. या दोनांपैकी एक जरी गोष्ट जमत नसेल तर हे साडेचार लाख पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ठेवावेत; बेटे कोठे जात नाहीत.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. मला अशाच एका गटाबरोबर प्रामुख्याने ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे काढायला जायचे आहे. सूर्यावरील हालचालींच्या चक्राचा उच्चांक उलटून गेला, आता जाण्यात अर्थ नाही, असे मित्र म्हणतात. ते खरे आहे का? सप्टेंबर स्वस्त पडतो, तो चालेल का? माझ्याकडे जुना क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा कॅमेरा आहे.
— एक वाचक, वाकड

उत्तर : आपले मित्र अर्धे बरोबर आहेत. सूर्याचे सध्याचे, म्हणजे पंचविसावे चक्र उच्चांकाच्या टप्प्यात पोचल्याचे ‘नासा’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले होते. परंतु उच्चांकाचा मोठा उपयोग त्यांना, ज्यांना हा प्रकाश दक्षिणेकडील देशांतून पाहायचा आहे. लोफोटेन हे ध्रुवीय प्रकाशाच्या वर्तुळाकार पट्ट्याखालीच येते, त्यामुळे तेथे भूचुंबकीय हालचाल मोजणाऱ्या, ० ते ९ या केपी निर्देशांकाचा आकडा दोन असला तरी आकाश हिरवे होऊ शकते. तेथे माणसाला हुलकावणी देतात ते ढग, सूर्य नव्हे. म्हणून केपीच्या अॅपपेक्षा नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘वायआर’ या सेवेवरील ढगांचा अंदाज अधिक वेळा पाहावा. ‘ध्रुवीय प्रकाशाची हमी’ असे शब्द ज्या पत्रकात असतील ते पत्रक तिथेच मिटवावे.

सप्टेंबर अवश्य चालेल. विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी अधिक सहज जुळत असल्याने भूचुंबकीय हालचाल सरासरीने वाढते आणि तिच्याबरोबर हा प्रकाश दिसण्याची शक्यताही. शिवाय सप्टेंबरमध्ये तळी गोठलेली नसतात, त्यामुळे प्रतिबिंबे मिळतात आणि बोटेही शाबूत राहतात. बर्फाच्छादित डोंगर मात्र मिळणार नाहीत. एप्रिलअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तेथे पुरेसा काळोखच होत नाही, तेव्हा उन्हाळी सुट्टीत या हेतूने जाऊ नये. पौर्णिमा टाळावी, पण अमावास्येचाही हट्ट नको. चतकोर चंद्र डोंगरांवर जो उजेड टाकतो त्याने चित्राचा खालचा भाग काळा पडत नाही.

कॅमेरा बदलू नका, लेन्स पाहा. एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची रुंद कोनाची लेन्स हवी. ती भाड्याने मिळते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि शटर ध्रुवीय प्रकाश किती वेगाने हलतो त्यानुसार : संथ पट्टा असेल तर आठ-दहा सेकंद, पडद्यासारखा नाचू लागला तर दोन सेकंद, नाहीतर सगळ्या घड्या एकमेकींत मिसळून हिरवे धुके उरते. हा हिरवा रंग सुमारे शंभर किलोमीटर उंचीच्या पुढे ऑक्सिजनच्या अणूंमुळे दिसतो, आणि त्याच्याही बराच वर कधी लाल किनार येते ती त्याच ऑक्सिजनची. डोळ्यांना हा प्रकाश अनेकदा राखाडी दिसतो, कॅमेऱ्याला हिरवा; त्यामुळे शंका आली की एक चाचणी चित्र काढावे. फोनच्या रात्रीच्या मोडवरही आठवणीपुरते चित्र येते.

प्रश्न : मी फर्ग्युसन रस्त्यावरील वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी आहे. शिष्यवृत्तीतून वाचवलेल्या पैशांत मार्चमध्ये अशा सहलीला जाते आहे. पुण्यात राहून त्याची तयारी कशी करावी?
— एक वाचक, शिवाजीनगर

उत्तर : आपण ज्या शहरात राहता ते या कामासाठी वाटते तितके गैरसोयीचे नाही. ताम्हिणीच्या पावसात कॅमेरा झाकणे, लेन्स पुसणे आणि तरीही चौकट न सोडणे ज्याला जमते त्याला लोफोटेनच्या किनाऱ्यावरील खारे तुषार नवे नाहीत. फरक एवढाच की तेथे फडके गोड्या पाण्याने ओलसर करून मग पुसावे, नाहीतर मीठ काचेवर फिरते, आणि रात्री ट्रायपॉडचे पाय नळाखाली धुवावेत. लाटांचा सराव कोकणात एका शनिवार-रविवारी होईल. परत फिरणाऱ्या पाण्याच्या रेषा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद शटर ठेवावे आणि ट्रायपॉडचे पाय वाळूत आधी जोराने रोवावेत, कारण लाट मागे जाताना त्यांच्याखालची वाळू घेऊन जाते. पाण्याकडे पाठ कधीही करू नये.

बर्फाचा सराव येथे नाही, पण त्याचे गणित आहे. कॅमेऱ्याचे मापक पांढरे दृश्य पाहून फसते आणि ते करडे करून टाकते, म्हणून एक्स्पोजर साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवावे आणि हिस्टोग्रामच्या, म्हणजे चित्रातील उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या कडेकडे लक्ष ठेवावे. घरी पांढरी चादर उन्हात वाळत घालून तिची छायाचित्रे काढा, पाच मिनिटांत कळेल. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे दोन जादा बॅटऱ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवाव्यात. उतरलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते. बाहेरून खोलीत येताना कॅमेरा थंड पिशवीतच, चेन लावून, तासभर ठेवावा, कारण उघडल्याबरोबर त्यावर आपल्या चष्म्यावर जमते तसे बाष्प जमते, आणि ते लेन्सच्या आतही जाऊ शकते. मेमरी कार्ड मात्र बाहेर असतानाच काढून घ्यावे, नाहीतर उत्सुकतेपोटी पिशवी उघडली जाते.

आणि रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर, दिवे मालवून, हातमोजे घालून कॅमेरा ट्रायपॉडवर चढवा, स्वयंफोकस बंद करा, पडद्यावर एखादा तारा मोठा करून तो टाचणीएवढा होईपर्यंत फोकसचे कडे फिरवा, आयएसओ बदला, बॅटरी बदला. पहिल्या रात्री दहा मिनिटे लागतील आणि एखादी गोष्ट हातातून पडेल. ती गच्चीवर पडलेली बरी.